साठ गोळ्यांत गमावलेले तीन गुण

ऑगस्ट २०१० मध्ये जर्मनीतल्या म्युनिकला जागतिक नेमबाजी स्पर्धा झाली. तिथे ५० मीटर रायफल प्रोन या प्रकारात कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने ६०० पैकी ५९७ गुण मिळवले आणि सुवर्णपदक जिंकले. त्या वेळच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी करणारी ही गुणसंख्या होती, आणि नेमबाजीत जगज्जेती झालेली ती पहिली भारतीय महिला होती. तरीही भारतीय रायफल नेमबाजांची नावे विचारली, तर सर्वसाधारण क्रीडारसिक २००८ च्या बीजिंगमधला अभिनव बिंद्रा सांगतो, २०१२ च्या लंडनमधला गगन नारंग सांगतो आणि २०२४ च्या पॅरिसमधला स्वप्नील कुसाळे सांगतो. तेजस्विनीचे नाव कुणीतरी आठवण करून दिल्यावर येते. कारण उघड आहे: तिच्याकडे ऑलिंपिक पदक नाही. माझे म्हणणे असे की रायफल नेमबाजाची कारकीर्द मोजण्याची ही पट्टीच आखूड आहे. चार वर्षांतून एकदा येणारा तो दिवस खेळाडूची गुणवत्ता दाखवतो, पण त्या दिवशी कोणता प्रकार ठेवायचा, किती गोळ्या झाडायच्या आणि गुण कसे मोजायचे हे ठरवणारे लोक वेगळे असतात. रायफल नेमबाजीत या गोष्टी इतक्या वेळा बदलल्या आहेत की त्या नजरेआड करून कुणाची थोरवी ठरवणे म्हणजे अर्धीच गुणपत्रिका वाचून निकाल देणे आहे.

आधी प्रोन म्हणजे काय ते नीट पाहू. नेमबाज चटईवर पालथा झोपतो, दोन्ही कोपरे जमिनीला टेकवतो. डाव्या दंडाला एक पट्टा, म्हणजे स्लिंग, आवळलेला असतो आणि त्याचे दुसरे टोक रायफलला पुढच्या हातापाशी अडकवलेले असते. रायफलचा भार स्नायूंनी पेलायचा नसतो. तो पट्ट्यावर आणि हाडांवर सोडून द्यायचा असतो. स्नायू आवळला की तो थकतो आणि थकला की थरथरतो. म्हणून कसलेला नेमबाज नेम धरून क्षणभर डोळे मिटतो, श्वास सोडतो आणि पुन्हा डोळे उघडून पाहतो. नेम जरासा सरकलेला दिसला तर तो हाताने रायफल ओढून जागेवर आणत नाही, अख्खे शरीर चटईवर तसूभर हलवतो. ५० मीटरवरच्या टार्गेटमध्ये दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, साधारण शर्टाच्या बटणाएवढे. गोळी ५.६ मिलिमीटरची असते आणि तिची कड वर्तुळाच्या रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो. हिशेब मांडला तर गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून आठ मिलिमीटरच्या आत पडायला हवा. खांद्यापासून बॅरलच्या तोंडापर्यंतचे अंतर साधारण एक मीटर धरले, तर पन्नास मीटरवरचे हे आठ मिलिमीटर म्हणजे बॅरलच्या तोंडाशी एक मिलिमीटरचा जेमतेम सहावा भाग. वहीची दोन पाने एकावर एक ठेवली की जवळपास तेवढी जाडी होते. तेवढ्या चुकीची मुभा घेऊन साठ वेळा चाप ओढायचा. तेजस्विनीने म्युनिकमध्ये या साठ गोळ्यांत मिळून फक्त तीन गुण गमावले.

यावर जाणकारांकडून एक आक्षेप हमखास येतो: गुडघ्यावर, पालथे झोपून आणि उभ्याने या तीन मुद्रांपैकी प्रोन सगळ्यात सोपी, मग तिच्यातल्या जगज्जेतेपदाचे मोल कमीच धरायला हवे. मुद्रा सोपी आहे हे खरे. नवख्या माणसालाही पालथे झोपून टार्गेटच्या काळ्या भागात गोळ्या घालता येतात. उभ्याने त्याच्या गोळ्या कुठेही जातील. पण शिकायला सोपी मुद्रा जिंकायलाही सोपी असते, हा निष्कर्ष उलटा आहे. उभ्याच्या मुद्रेत सगळ्यांच्याच हातून नऊ आणि आठ पडतात, त्यामुळे एखादी गोळी चुकली तरी ती भरून काढायला वाव राहतो. प्रोनमध्ये कुणीच फारसे चुकत नाही. तिथे एक नऊ म्हणजे पाच-सात क्रमांकांची घसरण. शिवाय ५० मीटरच्या रेंजवर वारा असतो. रायफलची ही लहान गोळी आवाजाच्या आसपासच्या, बहुधा त्याहून थोड्या कमीच वेगाने जाते आणि वाऱ्याने सहज ढकलली जाते. रेंजवर लावलेले छोटे झेंडे कोणत्या बाजूला आणि किती ताणून फडफडताहेत हे पाहत, कधी झाडायचे आणि कधी थांबायचे हे प्रत्येक गोळीला नव्याने ठरवावे लागते. पाच गोळ्या एका वाऱ्यात झाडल्या आणि सहाव्या गोळीला झेंडा उलट फिरला, तर आधीच्या पाच गोळ्यांचा नेम निरुपयोगी ठरतो. महिलांच्या प्रोनला तेव्हा फायनलही नव्हती; साठ गोळ्यांची बेरीज हाच अंतिम निकाल. फायनल नसणे म्हणजे दडपण नसणे असे कुणी म्हणेल, पण फायनल नसल्यामुळे पहिल्या गोळीपासूनच पदकाचा हिशेब सुरू होतो आणि सकाळची चूक दुपारी पुसायची सोय राहत नाही.

आता या प्रकाराचा आणि ऑलिंपिकचा संबंध पाहू, कारण माझ्या म्हणण्याचा खरा आधार तिथे आहे. एके काळी ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धा स्त्री-पुरुष दोघांना खुल्या होत्या. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची मार्गारेट मर्डॉक तिन्ही मुद्रांच्या थ्री पोझिशन प्रकारात आपलाच सहकारी लॅनी बॅशमच्या बरोबरीला आली. बरोबरी सोडवण्याच्या नियमाने सुवर्ण बॅशमला आणि रौप्य तिला मिळाले. राष्ट्रगीताच्या वेळी बॅशमने तिला हात धरून वरच्या पायरीवर आपल्या शेजारी उभे केले. पुढे १९८४ च्या लॉस एंजेलिसपासून महिलांसाठी वेगळे प्रकार सुरू झाले, आणि ते स्वागतार्हच होते. पण या वाटणीत प्रोन पुरुषांकडे गेला. महिलांना एअर रायफल आणि थ्री पोझिशन मिळाले. प्रोन त्यांच्यासाठी वेगळा प्रकार म्हणून ऑलिंपिकमध्ये कधी आलाच नाही. म्हणजे तेजस्विनी २०१० मध्ये ज्या गोष्टीत जगात सर्वोत्तम होती, त्याच गोष्टीत तोच पराक्रम एखाद्या पुरुषाने केला असता, तर दोन वर्षांनी लंडनमध्ये त्याला पदकासाठी झुंजता आले असते. तसे झालेही. लंडनच्या पुरुषांच्या प्रोनमध्ये भारताचा जॉयदीप कर्माकर फायनलला पोहोचला आणि चौथा आला. महिलांच्या प्रोनच्या जगज्जेतीला मात्र लंडनमध्ये तो दरवाजाच नव्हता. तिला ऑलिंपिक गाठायचे तर आपल्या सर्वोत्तम प्रकाराबाहेर जाऊनच गाठावे लागणार होते. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने पुरुषांचा प्रोनही टोकियोच्या कार्यक्रमातून काढून टाकला. त्याच्या आणि आणखी दोन प्रकारांच्या जागी मिश्र सांघिक स्पर्धा आल्या.

तेजस्विनीची कारकीर्द एका प्रकाराला चिकटून राहिली असती तर हा युक्तिवाद इथेच संपला असता. पण तिची पदके ओळीने मांडून पाहावीत. २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दोन सुवर्णपदके जिंकली ती १० मीटर एअर रायफलमध्ये, एक वैयक्तिक आणि एक अवनीत कौर सिद्धूसोबत जोडीचे. २०१० चे जागतिक सुवर्ण प्रोनमधले. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेतले सुवर्ण थ्री पोझिशनमधले, आणि त्याच स्पर्धेत प्रोनमध्ये रौप्य. बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळे ‘रायफल’ या एका शब्दात मावते. रेंजवर मात्र ही तीन वेगळी कामे आहेत. एअर रायफल बंदिस्त हॉलमध्ये, दहा मीटरवरून, फक्त उभ्याने झाडायची असते. वारा नाही, पण दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे रायफल कधीच पूर्ण स्थिर होत नाही. डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवून, पाठीला किंचित मागे झोक देऊन उभा असलेला नेमबाज त्या डुलण्यातला शांत क्षण ओळखून चाप ओढतो. प्रोनमध्ये याच्या उलट: शरीर निश्चल, पण बाहेरचा वारा चंचल. थ्री पोझिशनमध्ये एकाच सामन्यात तिन्ही मुद्रा. मुद्रा बदलताना रायफलवरची जोडणी, पट्ट्याची लांबी, गुडघ्याखालची उशी हे सगळे बदलायचे, आणि घड्याळ चालूच असते. एका कामात मुरलेल्या माणसाने दुसरे काम पहिल्यापासून शिकावे आणि तिथेही पहिला नंबर काढावा, मग तिसरेही शिकावे, असा हा प्रवास आहे आणि त्याला बारा वर्षे लागली.

त्यातही नियम थांबले नव्हते. तिच्या स्वतःच्या आकड्यांतच ते दिसते. म्युनिकमध्ये प्रोनचे गुण पूर्णांकात मोजले जात, म्हणून ५९७. गोल्ड कोस्टला त्याच प्रकारात तिची गुणसंख्या ६१८.९ आहे, कारण मधल्या काळात दशांश मोजणी आली होती आणि एका गोळीला १०.९ पर्यंत गुण मिळू लागले होते. पूर्वी वर्तुळाच्या कडेला टेकलेली गोळीही दहाच धरली जायची. आता मध्यापासून जरा लांब पडलेला दहा आणि अगदी मधोमध पडलेला दहा यांत जवळपास एका गुणाचा फरक पडू लागला. २०१३ पासून फायनलमध्ये पात्रता फेरीचे गुण धरणे बंद झाले आणि सगळे शून्यापासून सुरू करू लागले. सकाळी मिळवलेली आघाडी दुपारी कामाची राहिली नाही. महिलांच्या थ्री पोझिशनमध्ये पूर्वी साठ गोळ्या असत. गोल्ड कोस्टला साठच होत्या, पण त्यानंतर पुरुषांच्या बरोबरीने त्या एकशे वीस झाल्या. २०१९ मध्ये दोह्याच्या आशियाई स्पर्धेत तिने १,२०० पैकी १,१७१ गुण मिळवून फायनल गाठली आणि टोकियोची जागा मिळवली, तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. ज्या वयात इतर खेळांतले लोक समालोचक झालेले असतात, त्या वयात सामन्याची लांबी दुप्पट झाली आणि तिने तीही पेलली. पुढे पॅरिसच्या आधी थ्री पोझिशन पुन्हा साठ गोळ्यांवर आला.

सगळ्यात गंभीर आक्षेपाकडे आता वळतो. कुणी म्हणेल, नियम सगळ्यांसाठीच बदलतात. ऑलिंपिकचे दडपण वेगळेच असते आणि टोकियोत संधी मिळाली तेव्हा ती तेहतिसावी आली. ही गोष्ट लपवण्यासारखी नाही. टोकियोत तिची गुणसंख्या १,१५४ होती, दोह्यापेक्षा सतरा गुणांनी कमी, आणि त्या दिवशी तिच्याहून चांगली नेमबाजी करणाऱ्या बत्तीस जणी होत्या. दडपण वेगळे असते हेही मान्य. पण त्यावरून कारकिर्दीचा निकाल लावायचा तर दोन गोष्टी विसराव्या लागतात. एक म्हणजे जागतिक स्पर्धेतली स्पर्धा ऑलिंपिकपेक्षा हलकी नसते; उलट ऑलिंपिकमध्ये एका प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त दोन नेमबाज येतात, जागतिक स्पर्धेत तीन. बलाढ्य देशांचा तिसरा नेमबाजही तिथे तुमच्या शेजारच्या लेनवर असतो. दुसरी म्हणजे वयाच्या चाळिशीत पहिले ऑलिंपिक खेळणाऱ्या नेमबाजाचा तो एक दिवस आणि त्याआधीची पंधरा वर्षे यांतले मोजमाप म्हणून काय धरायचे, हा निवडीचा प्रश्न आहे. फलंदाजाची कारकीर्द आपण एका विश्वचषकावरून मोजत नाही. मल्लाच्या बाबतीत त्याने किती वर्षे कोणाकोणाला चीत केले हे कोल्हापुरातला कोणताही कुस्तीशौकीन आधी विचारतो. नेमबाजालाही तोच न्याय का नको?

स्वप्नील कुसाळेचे उदाहरण माझ्या म्हणण्याविरुद्ध जाते असे वरवर वाटेल, कारण त्याला पदक मिळाले. मला ते उलट बाजूचा पुरावा वाटते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला, पुढे रेल्वेत तिकीट तपासनीस झाला. त्याची सुरुवातीची मोठी यशे कोणत्या प्रकारातली होती? प्रोनमधली. २०१५ मध्ये कुवेतच्या आशियाई स्पर्धेत कनिष्ठ गटाचे सुवर्ण प्रोनमध्ये मिळाले. राष्ट्रीय स्पर्धेत गगन नारंग आणि चैन सिंग यांना मागे टाकले तेही प्रोनमध्ये. २०१७ च्या निर्णयाने हा प्रकार ऑलिंपिकमधून गेला, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्याच्याकडे थ्री पोझिशनमध्ये पक्के व्हायला सात वर्षे होती, आणि ती सगळी लागली. २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला आणि त्याने देशासाठी पॅरिसची जागा मिळवली. हांगझौच्या आशियाई स्पर्धेत ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर आणि अखिल श्योराण यांच्यासोबत त्याने सांघिक सुवर्ण घेतले, पण वैयक्तिक फायनलमध्ये आघाडीवर असताना उभ्याच्या मुद्रेत एक गोळी ७.६ वर गेली आणि तो पुन्हा चौथा आला. एका वर्षाच्या आत दोन मोठ्या स्पर्धांत चौथा. त्या क्षणी त्याची कारकीर्द थांबली असती, तर आपण त्यालाही कर्माकरच्या रांगेत उभे करून विसरलो असतो. पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी जिथे झाली त्या शातोरूच्या रेंजवर १ ऑगस्ट २०२४ ला तो गुडघ्यावरच्या मुद्रेनंतर सहावा होता, प्रोननंतर पाचवा, आणि ज्या मुद्रेने हांगझौत घात केला होता त्याच उभ्याच्या मुद्रेत वर सरकत ४५१.४ गुणांसह त्याने कांस्यपदक घेतले. थ्री पोझिशनमधले ते भारताचे पहिले ऑलिंपिक पदक. महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर बहात्तर वर्षांनी. हांगझौ आणि शातोरू यांच्यात दहा महिन्यांचे अंतर आहे. त्या दहा महिन्यांत तो वेगळा माणूस झाला नाही. चौथा आलेला आणि तिसरा आलेला स्वप्नील एकच आहे, आणि चौथ्या क्रमांकाच्या दिवशीही तो जगातल्या मोजक्या उत्तम रायफल नेमबाजांपैकी होताच.

एक आक्षेप रस्त्यावरच्या माणसाचाही असतो: हा पैशाचा खेळ, ज्याची रायफल भारी तो जिंकतो. प्रवेशापुरते यात तथ्य आहे. रायफल आयात करावी लागते, गोळ्या महाग असतात, जाड कॅनव्हासचे जॅकेट, ताठ तळाचे बूट, हातमोजा, सगळ्याचा खर्च साध्या घराला जड जातो. त्याही पुढे एक बारकावा आहे: एकाच कारखान्यातून निघालेल्या गोळ्यांचेही वेगवेगळे लॉट असतात आणि प्रत्येक बॅरलला त्यातला एखादाच मानवतो. तो शोधायला बॅरल शिकंज्यात घट्ट बसवून एकेका लॉटच्या गोळ्या झाडतात आणि टार्गेटवरची भोके किती जवळ पडली ते मोजतात. ही सोय ज्याला नाही तो मागे राहतो, यात शंका नाही. पण वरच्या पातळीवर सगळ्यांकडेच उत्तम रायफल आणि निवडलेल्या गोळ्या असतात. तिथे रायफल कुणालाच जिंकवत नाही. फरक करतात ती माणसे आणि संस्था. अंजली भागवत, सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे या तिघींना मुंबईत संजय चक्रवर्ती यांनी घडवले. अंजली सिडनीच्या ऑलिंपिक फायनलमध्ये पोहोचली, सुमा अथेन्सच्या. दीपालीही अथेन्सला खेळल्या, फायनल त्यांना मिळाली नाही. वीस वर्षांनी शातोरूला त्यांचा शिष्य स्वप्नील पदकाच्या पायरीवर उभा होता. ऑलिंपिक पदकाच्या तक्त्यात दीपालींचे नाव खेळाडू म्हणून कुठेच नाही. त्यांच्या कारकिर्दीतून पुढे काय उगवले हे मात्र आपल्यासमोर आहे, आणि त्यांना मिळालेल्या द्रोणाचार्य पुरस्काराने त्याची नोंदही घेतली आहे.

म्हणून तेजस्विनीच्या पदकांची नोंद वाचताना प्रकार, वर्ष आणि त्या वर्षीचा नियम हे तिन्ही शेजारी ठेवून वाचावे असे मला तळमळीने वाटते. राष्ट्रकुल स्पर्धांतली तिची सात पदके आहेत, तीन सुवर्ण, तीन रौप्य आणि एक कांस्य. ती ज्या व्यासपीठावर मिळाली ते व्यासपीठही मागे पडले आहे: २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत नेमबाजी ठेवलीच नाही, आणि २०२६ च्या ग्लासगोच्या दहा खेळांतही ती नाही. त्यामुळे गोल्ड कोस्टच्या रेंजवर तिने थ्री पोझिशनच्या फायनलमध्ये अंजुम मुदगिलला २.२ गुणांनी मागे टाकून केलेला ४५७.९ गुणांचा स्पर्धाविक्रम आजही तसाच आहे, आणि तो मोडण्याची संधी त्यानंतर कोणत्याच नेमबाजाला मिळालेली नाही.